परड्यातले झाड आजारी आहे का, हे कसे ओळखावे: नवख्यांसाठी पायरीपायरीने

आमच्या रत्नागिरीकडच्या घराच्या परड्यात हापूसचे पंचवीस वर्षांचे एक कलम होते. एका दिवाळीनंतर त्याच्या एका अंगाची पाने मलूल होऊन पिवळी पडू लागली. मी पानांचा फोटो घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बुरशीनाशकाची बाटली दिली, महिन्याभराने दुसरी दिली आणि उन्हाळ्यात टॉनिक म्हणून तिसरी. त्या सहा महिन्यांत बुंध्याशी रोज चिमूटभर भुसा पडत होता. आई परडे झाडताना तो केरात भरत होती आणि आम्ही सगळेच तो मुंग्यांचा उद्योग समजत होतो. पावसाच्या तोंडावर नारळ पाडायला आलेल्या गड्याने जाता जाता तो भुसा पायाने उकरला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, दुखणं खोडात आहे, तुम्ही पानांवर कसलं मारताय?’’ तोवर खोड आतून पोखरून गेले होते आणि कलम गेले.

त्यानंतर उरलेल्या झाडांसाठी मी जी तपासणीची पद्धत हळूहळू बसवली, ती येथे क्रमाने दिली आहे. पद्धतीचा गाभा एवढाच की रोगाचे नाव शोधण्याआधी खूण झाडावर नेमकी कोठे आहे ते पाहावे, आणि पाहण्याची सुरुवात पानांपासून न करता बुंध्यापासून करावी. उदाहरणे आंबा, नारळ, लिंबू, फणस अशा आपल्याकडच्या परसातल्या झाडांचीच घेतली आहेत.

तपासणीला लागणाऱ्या वस्तू

- दहापट मोठे दाखवणारे भिंग
- पांढरा कोरा कागद
- खुरपे, धारदार चाकू आणि छाटणीची कात्री
- टोकाला आकडा वळवलेली सायकलच्या ब्रेकची किंवा तशीच ताठ, बारीक तार
- हत्यारे पुसण्यासाठी स्पिरिट आणि फडके
- नमुन्यांसाठी कागदी पिशव्या किंवा जुनी वर्तमानपत्रे
- एक वही. हिच्याशिवाय बाकीचे सगळे निम्म्या उपयोगाचे

१. जे रोग नाहीत ते आधी बाजूला काढा

नवखा माणूस सर्वात जास्त घाबरतो तो निरोगी झाडाला पाहून. आंब्याची नवी पालवी तांबूस आणि लोंबती असते, ती करपलेली नसते. कडुनिंब फाल्गुनाच्या आसपास पाने गाळतो आणि लगेच नवी धरतो. फणसाला पहिल्यांदा फळे लागू लागली की छोटी छोटी बोंडे काळी पडून, त्यांवर बुरशी येऊन गळताना दिसतात. त्यांतली बहुतेक नर फुलोऱ्याची असतात आणि परागकण देऊन झाले की त्यांनी गळायचेच असते. मोहोरातल्या हजारो फुलांपैकी मोजक्यांचीच कैरी होते, तेव्हा खाली पडलेला मोहोर पाहून लगेच पंप भरू नये.

खोडावरचे राखाडी-हिरवट खरबरीत चट्टे हाही असाच गैरसमज आहे. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याचीच ही भावंडे. ती सालीवर नुसती राहतात, झाडातून काही शोषत नाहीत. मात्र एखाद्या फांदीवर त्यांचे प्रमाण अचानक वाढले, तर त्या फांदीची पाने विरळ होऊन तिथे ऊन पोहोचू लागले आहे का, एवढे पाहावे. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे काही दिसले आणि ते हलले, तर ती फुलपाखराची अळी आहे. झाड मोठे असेल तर चार पाने खाऊ द्यावीत, रोप लहान असेल तर हाताने वेचावी.

२. वीस पावले मागे जाऊन झाड पूर्ण पाहा

जवळ जाण्याआधी लांबून पाहिल्यास निम्मे निदान होते. पिवळेपणा किंवा मरगळ संपूर्ण झाडावर सारखी पसरली असेल, तर संशय मुळांवर, पाण्यावर किंवा मातीवर घ्यावा. झाडाची एकच बाजू उतरली असेल, तर त्या बाजूचे खोड किंवा त्या बाजूची मुळे दुखावली आहेत असे धरून चालावे. आमच्या कलमाचे नेमके हेच चालले होते. एकच फांदी शेंड्याकडून मागे वाळत आली असेल, तर दोष त्या फांदीतच, वाळलेला आणि ओला भाग जिथे भेटतात त्याच्या आसपास असतो.

याच वेळी मागच्या दोन-तीन वर्षांत झाडाजवळ काय काय झाले ते आठवून वहीत लिहावे. कुंपणाची भिंत घालताना मुळे तोडली का? पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत आणून भिडवले का? घराच्या कामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा आळ्यात पसरला का? कपडे धुतल्याचे पाणी तिकडे वळवले का? शहरातल्या आवारांत झाड खंगण्यामागे रोगजंतूंपेक्षा असा मानवी हातच अधिक वेळा असतो, असा माझा अनुभव आहे, आणि त्यावर कोणतीही फवारणी चालत नाही.

३. बुंध्याशी बसा

बसा असे मुद्दाम लिहिले आहे, कारण उभ्याने पाहिलेला बुंधा हा न पाहिल्यासारखाच असतो. प्रथम पालापाचोळा आणि बुंध्याला लागलेली माती हाताने दूर करावी. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना थोडा रुंदावतो. तो खांबासारखा सरळ जमिनीत गेलेला दिसला, तर त्याच्यावर माती चढली आहे असे समजावे, आणि दमट मातीत गाडलेली साल कुजते.

*भुसा.* आंबा, फणस, अंजीर यांच्या खोडाशी लाकडाच्या तंतूंचा, करवतीखाली पडतो तसा पण ओलसर आणि जाडसर भुसा दिसला, तर खोडकिडा म्हणजे कोकणातली भिरूड कीड आत आहे. भुशाच्या रेषेत वर पाहत गेल्यावर सालीत भोक सापडते, त्यातून कधी चिकट रस ओघळलेला असतो. भोक ताज्या भुशाने भरलेले असेल तर अळी जिवंत आहे. तार आत सरकवून, हळूहळू फिरवून, आकड्याने ओढावी. मी पहिल्यांदा बाहेर काढलेली अळी मधल्या बोटाएवढी लांब, मळकट पांढरी, डोके तपकिरी आणि जबडा असा की तारेवर दात घासल्याचा बारीक आवाज येत होता. अळी हाती लागली नाही, तरी तारेला ओला पांढरा चिकटा लागला तर काम झाले असे समजून भोक ओल्या मातीने लिंपावे. आठ दिवसांनी परत यावे. लिंपण फोडून नवा भुसा आला असेल, तर आत दुसरी अळी आहे.

*डिंक.* लिंबू-संत्र्याच्या खोडावर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत डिंकाचे थेंब ओघळलेले आणि त्याखालची साल तपकिरी, भिजल्यासारखी दिसली तर तो डिंक्या. तो फायटोफ्थोरा या पाण्यात फोफावणाऱ्या रोगजंतूमुळे होतो. त्यामुळे त्यावरचा पहिला उपाय म्हणजे बुंध्याला पाणी लागू न देणे: खोडाभोवती मातीची एक लहान गोल वरंबी करावी, दुसरी फांद्यांच्या विस्ताराखाली करावी, आणि पाणी या दोन वर्तुळांच्या मध्येच सोडावे. रोगट साल चाकूने खरवडून निरोगी भाग दिसेपर्यंत साफ करावी आणि वर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी (कृती नवव्या पायरीत).

*वाळवी.* सालीवर मातीच्या पापुद्र्याचे बोगदे दिसताच लोक वाळवीचे औषध आणायला धावतात. बोगदा खरवडून खालची साल नखाने किंचित सोलून पाहावी. आत हिरवे-ओले असेल, तर वाळवी फक्त वरची मेलेली साल खाते आहे. आत कोरडे, तपकिरी असेल, तर तो भाग आधीच मेला होता आणि वाळवी नंतर आली; तो कशाने मेला, हे शोधायचे काम उरतेच.

*छत्र्या आणि फळ्या.* खोडाला किंवा वर आलेल्या मुळाला चिकटून फळीसारखी कडक बुरशी वाढलेली असेल, तर ती लाकूड आतून कुजत असल्याची खूण आहे. फणसावरच्या अशा बुरशीला आपल्याकडे फणसोंबा म्हणतात आणि लहान मुलांच्या तोंड येण्यावर तो उगाळून लावण्याची चाल आहे. त्यामुळे तो सापडला की घरात आनंदच होतो. झाडाच्या दृष्टीने मात्र ती वाईट बातमी आहे. बुरशी काढून टाकल्याने कुजणे थांबत नाही, कारण दिसते ते केवळ तिचे फळ असते. खोडावर लाकडी हातोड्याने ठिकठिकाणी ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला आणि झाड घराकडे किंवा रस्त्याकडे झुकलेले असेल, तर दहावी पायरी आधी वाचावी.

४. फांद्यांवर साल खरवडून पाहा

वाळत आलेल्या फांदीची साल टोकापासून मागे, वीतभर अंतराने, नखाएवढी खरवडत यावे. तपकिरी संपून हिरवे जिथे लागते, त्याच्याही मागे अर्धा हात निरोगी भाग घेऊन फांदी कापावी. दोन कापांच्या मध्ये कात्री स्पिरिटने पुसावी, नाहीतर आपणच रोग एका फांदीवरून दुसरीवर नेतो. जोरदार पावसाच्या भागात फांद्यांच्या बेचक्यांत गुलाबी, चुना फासल्यासारखा थर दिसला, तर ती गुलाबी बुरशी. तिच्यावरही हाच उपाय, आणि कापलेल्या जागी पेस्ट.

बांडगुळाबद्दल एक सूचना. आंब्यावरचे बांडगूळ नुसते ओरबाडून काढले तर पुन्हा फुटते, कारण त्याचा पाया फांदीच्या लाकडात घुसलेला असतो. फांदीच थोडी मागून कापावी, आणि तेही त्याला फळे येण्याआधी, कारण फळे खाणारे छोटे पक्षी त्याच्या चिकट बिया आणखी दहा फांद्यांवर पुसून ठेवतात.

५. मग पाने: जुनी की नवी?

पिवळी पाने हे लक्षण एकटे काहीच सांगत नाही. ती पाने फांदीच्या तळाची जुनी आहेत की शेंड्याची नवी, हे पाहावे. नत्र आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवू शकते, म्हणून त्यांची कमतरता जुन्या पानांवर दिसते: नत्र कमी असेल तर पूर्ण पान फिके होते, मॅग्नेशियम कमी असेल तर देठाकडे हिरवा त्रिकोण राहून बाकीचे पिवळे होते. लोह आणि जस्त झाडाला तसे हलवता येत नाहीत, म्हणून त्यांची उणीव कोवळ्या पानांवर, हिरव्या शिरा आणि पिवळा मधला भाग अशी दिसते. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत किंवा बांधकामाचा चुना मिसळलेल्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा ठिकाणचे लिंबू हमखास असे दिसते. कमतरता साधारणपणे पानाच्या दोन्ही अर्ध्यांवर सारखी असते, रोगाचे डाग वेडेवाकडे विखुरतात, ही खूणगाठ उपयोगी आहे.

डागांवरून बोट फिरवावे. लिंबाच्या पानावरचे डाग खरखरीत, उंचावलेले, भोवती पिवळी कडा असलेले आणि पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे असतील, तर तो खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग आहे. तोच फळांवर आणि काटेरी फांद्यांवरही सापडेल. पानात चांदीच्या रंगाची नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. तिच्या जखमांतून खैऱ्या आत शिरतो, म्हणून दोन्ही एकत्र दिसणे नेहमीचे आहे.

पानांवर काजळी धरली असेल तर बोटाने पुसून पाहावी. ती निघून खाली हिरवे पान दिसले, तर ही बुरशी पानात नाही, पानावर पडलेल्या गोड चिकट स्रावावर वाढते आहे. तो स्राव सोडणारे तुडतुडे, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण वरच्या पानांच्या मागे असतात. काळ्या मुंग्यांची रांग त्यांच्याकडेच जात असते, तेव्हा मुंग्यांना मारण्याऐवजी त्यांच्या मागे मागे जावे. फार बारीक किडींसाठी फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी आणि पडलेले ठिपके चालतात का ते भिंगातून पाहावे.

पपईचे शेंड्याचे पान आकसून बुटाच्या नाडीसारखे झाले आणि फळावर वर्तुळे उमटली, तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकावे.

६. नारळ वेगळा तपासा

नारळाला फांद्या नाहीत आणि वाढीचा कोंब एकच आहे, म्हणून वरचे नियम त्याला पुरत नाहीत. वाढलेल्या माडाच्या माथ्यावर तीस-चाळीस झावळ्या असतात आणि साधारण महिन्याला एक जुनी झावळी सुकून पडते. तिची चिंता करू नये. चिंता मधल्या सुईची, म्हणजे अजून न उलगडलेल्या कोवळ्या झावळीची करावी. ती फिकी पडून मलूल झाली, ओढल्यावर सहज हातात आली आणि बुडाशी कुजकट वास आला, तर कोंबकूज आहे. पावसाळ्यात हे झपाट्याने होते. कुजलेला भाग त्याच दिवशी साफ करून पेस्ट लावावी आणि नवा कोंब फुटेपर्यंत त्यावर पाणी पडणार नाही असे झाकावे.

उलगडलेल्या झावळ्या पंख्यासारख्या, कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या दिसल्या तर तो गेंड्या भुंगा. त्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यात आणि उकिरड्यात होते, त्यामुळे इलाज माडापेक्षा खड्ड्यात आधी करावा: खत उलथेपालथे करून आतल्या पांढऱ्या, वळलेल्या अळ्या वेचाव्यात. या भुंग्याने केलेल्या जखमांतून त्याच्याहून घातक सोंड्या भुंगा शिरतो. खोडावरील भोकातून तांबूस-तपकिरी द्रव आणि चघळलेले तंतू बाहेर येणे ही त्याची खूण, आणि कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाजही येतो. हिरवी झावळी खोडाला चिकटून तोडू नये, चार फूट देठ ठेवून तोडावी. चढण्यासाठी खोडावर खाचाही पाडू नयेत.

नारळाच्या फळांवर देठाजवळ फिका त्रिकोण, पुढे तपकिरी भेगा, ही १९९८ मध्ये केरळात प्रथम दिसलेल्या इरिओफाईड कोळी या अतिसूक्ष्म किडीची खूण. झावळीखाली पांढरी, चक्राकार मेणाची नक्षी ही २०१६ पासून दक्षिणेतून पसरत कोकण-गोव्यात आलेल्या पांढऱ्या माशीची. तिच्यावर जहाल कीटकनाशक मारल्यास तिला खाणारे मित्रकीटकच आधी मरतात. साध्या पाण्याचा जोरदार फवारा झावळ्यांच्या खालून मारणे बरे.

७. मोहोर आणि फळे

मोहोरावर पिठूळ पांढरा थर म्हणजे भुरी. थंड रात्री आणि दमट पहाटा तिला पोषक. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, कोवळ्या मोहोरावर चालते, पण भर उन्हात मारू नये. काळे कोरडे डाग पडून मोहोर जळाला तर करपा. पेरू-आंब्याच्या फळावर टाचणीएवढे छिद्र आणि आत अळ्या म्हणजे फळमाशी. पडलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा टांगावा.

८. नमुना घ्या आणि विचारा

खात्री पटली नाही तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठात (दापोली, राहुरी, अकोला, परभणी) नमुना न्यावा. लिंबू-संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि नारळासाठी रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. फोनवर विचारायचे तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

नमुना पूर्ण वाळलेल्या भागाचा नेऊ नये, निरोगी आणि रोगट यांच्या सीमेवरचा न्यावा, आणि तो कागदात गुंडाळावा. प्लास्टिकमध्ये घाम धरून तो भलत्याच बुरशीने भरतो. सोबत झाडाचे वय, जात, पाण्याची पद्धत, दिलेली खते-औषधे, लक्षण प्रथम दिसल्याची तारीख आणि तीन फोटो द्यावेत: पूर्ण झाडाचा, बुंध्याचा आणि खुणेचा.

९. बोर्डो घरी करा, पण नीट

फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १० लिटर पाणी लागते. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात, चुना दुसऱ्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवून, चुना गाळून, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळावे. धातूचे भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ विळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस मुलामा चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पेस्टसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला एकूण १ लिटर पाणी. ती पावसाआधी बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावण्याची सवय ठेवावी.

बाटल्यांवरचा रंगीत त्रिकोण पाहावा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. परड्यात विहीर असते, मुले खेळतात. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे औषध घरी आणूच नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते रोजच्या सरावाचे लोक होते. दोन औषधे एकत्र करणे आणि ‘‘थोडे जास्त घालतो’’ म्हणणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

१०. झाड तोडावेच लागले तर

आपल्याच आवारातले झाड असले, तरी महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ग्रामीण भागात आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशा झाडांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो, तेव्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे. अर्जासोबत मालमत्तेचा कर भरल्याची पावती किंवा सातबारा उतारा, ओळखपत्र, झाडाचे आणि रोगट भागाचे फोटो तयार ठेवावेत. कृषी विज्ञान केंद्राचा लेखी अभिप्राय असेल तर कारण सिद्ध करणे सोपे जाते. मी तो घेतला नव्हता आणि केवळ त्यापायी दोन हेलपाटे अधिक घातले.

तोडलेले लाकूड घराच्या मागे रचून ठेवू नये. आम्ही कलमाचे ओंडके चुलीसाठी म्हणून न्हाणीघराच्या भिंतीशी रचले होते. पुढच्या मृगाच्या पहिल्या सरीनंतर रात्री दिव्यावर राखाडी, लांब मिशांचे, मानेपाशी दोन नारिंगी ठिपके असलेले तीन भुंगे येऊन बसले. सकाळी ओंडक्यांत अंगठा जाईल एवढी गोल भोके दिसली. खोडकिड्याच्या अळ्या तोडलेल्या लाकडातही वाढ पुरी करतात. भुंगे जिवंत सुटले आणि त्याच वर्षी शेजारच्या दोन कलमांच्या बुंध्याशी भुसा पडू लागला. या वेळी मात्र तो केरात गेला नाही.